बांधणाऱ्याचं नाव

(मूकनायक दिनानिमित्त नागपुरातील एका मुलींच्या वसतिगृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



याच वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर राहून मी पदवी घेतली. आमच्या घरातली ती पहिली पदवी. तुमच्यापैकी बहुतेकींचं तसंच आहे, त्यामुळे ओळख लांबवत नाही.

आज ३१ जानेवारी. १९२० साली याच तारखेला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ‘केसरी’नं पैसे देऊ केले असतानाही ‘मूकनायक’ची जाहिरात छापायला नकार दिला, हे बाबासाहेबांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये लिहून ठेवलं. हे सगळं आपण दरवर्षी या दिवशी ऐकतो. पण त्या अंकाचे खिळे कोणी जुळवले, तो यंत्रावर कोणी चढवला, घड्या कोणी घातल्या, गठ्ठे कोणी बांधले, हे कोणी सांगत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. आणि मी तर बाइंडरची मुलगी आहे.

ताईंनी मला आज बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, मी पत्रकार नाही, लेखिका नाही. मी महाराष्ट्राबाहेरच्या एका संस्थेत डिझाइन शिकते. मजकूर पानावर कसा बसवायचा, अक्षर केवढं ठेवायचं, कागद कुठला घ्यायचा, पुस्तक उघडल्यावर हातात कसं राहील, हे माझं शिक्षण. ताई म्हणाल्या, तेच सांग. म्हणून मी एका पुस्तकाची गोष्ट सांगणार आहे. ते मी स्वतःच्या हातानं शिवलं, पंधरा प्रती केल्या. ते करताना झालेल्या चुका जास्त सांगणार आहे, कारण शिकले ते त्यातूनच. एक प्रत तुमच्यात फिरतेय. निवांत बघा. मळली तरी चालेल.

काम असं होतं की, प्रत्येकानं एक प्रकाशन करायचं. विषय आपला, मजकूर आपला, छपाई कुठेही, पण बांधणी स्वतःच्या हातानं. वर्गात विषयांची चर्चा सुरू झाली. कोणाकडे आजोबांनी विलायतेहून पाठवलेली पत्रं होती. कोणाकडे पणजीच्या पाककृतींची वही होती, कोणाकडे वाड्याचे नकाशे. सगळ्यांच्या घरात एक पेटी होती आणि पेटीत भूतकाळ होता. सर म्हणाले, “घरच्या संग्रहापासून सुरुवात करा.”

मी त्या रात्री आमच्या घरचा संग्रह आठवला. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, माझ्या मार्कशीटा आणि प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत मावतं आणि ती पिशवी आई कपाटात साड्यांच्या खाली ठेवते. तुम्ही हसताय, कारण तुमच्याही घरी ती पिशवी आहे. पिढ्यान् पिढ्यांचं काही साठवायला आधी लिहिता यावं लागतं आणि लिहिलेलं ठेवायला न गळणारं छप्पर लागतं. आपल्याकडे दोन्ही नुकतंच आलंय. एक आठवडा मी नुसती चिडचिड केली. मग घरी फोन केला आणि बाबांना विचारलं, “तुम्ही आजवर कोणकोणती पुस्तकं बांधली?”

बाबा अमरावतीत एका छोट्या प्रेसमध्ये सव्वीस वर्षं बाइंडर आहेत. सातवी शिकलेत. पावतीपुस्तकं, हजेरीपत्रकं, खतावण्या, लग्नपत्रिका, शाळेच्या वह्या, मतदार याद्या, कवितासंग्रह, देवदेवतांच्या आरत्या, पीएचडीचे प्रबंध, जे येईल ते बांधायचं. आणि दसऱ्याच्या आधी एक-दीड महिना दीक्षाभूमीवर विकायच्या पुस्तिका. त्या दिवसांत बाबा रात्री घरी यायचे ते फक्त जेवायला.

माझ्या लक्षात आलं की बाबांना पुस्तकं नावानं आठवत नाहीत. ती त्यांना जाडीनं आठवतात, कागदानं आठवतात. “ते बारा फर्म्याचं, मॅपलिथोवरचं, ज्याचा कणा फुटला होता.” “ते लाल बक्रमचं, त्या प्राध्यापकाचं, तीनदा परत आलं होतं.” मी फोनवर ते सगळं रेकॉर्ड केलं, लिहून काढलं. बाबांनी बांधलेल्या, पण आमच्या घरात कधीच न आलेल्या पुस्तकांची यादी, आणि प्रत्येकीमागे बाबांच्या तोंडची चार-सहा वाक्यं. चौसष्ट पानं झाली. म्हणजे चार फर्मे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका मोठ्या कागदावर पुढून आठ आणि मागून आठ पानं छापतात. तो कागद तीनदा दुमडला की सोळा पानं क्रमानं लागतात. हा एक फर्मा. फर्मे एकावर एक ठेवून, घडीतून सुई घालून एकमेकांना शिवले की ती जुजबंदी. ‘जुज’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ भाग. बाबांना हे काम एका मुसलमान चाचांनी शिकवलं, आणि चाचांचे शब्द बाबांच्या तोंडी राहिले. जुजबंदीचं पुस्तक पूर्ण उघडतं, टेबलावर सपाट पडतं, शंभर वेळा वाचलं तरी पानं सुटत नाहीत. आपल्या गाईडची पानं जूनमध्ये घेतल्यावर दिवाळीपर्यंत गळतात, कारण त्यांना शिलाई नसते. फर्म्यांच्या घड्या कापून पाठीला नुसता डिंक लावलेला असतो.

आता पहिली चूक. मी घरी न विचारता व्हिडिओ बघून बांधणी सुरू केली. बाइंडरच्या मुलीनं बाइंडिंग व्हिडिओ बघून शिकावं, यात काय बिनसलंय हे तेव्हा मला दिसलंच नाही. मला वाटत होतं बाबा करतात ते ‘प्रेसचं काम’ आणि मी शिकतेय ते वेगळं काहीतरी. साहित्याची जी यादी मिळाली होती तिच्यात मेण लावलेला लिननचा दोरा, घडी दाबायची हाडाची पट्टी, बाहेरून मागवायचा कागद असं सगळं होतं. उसनवारी करून मी ते आणलं. पहिल्या तीन प्रती बांधल्या, वजनाखाली ठेवल्या, आणि सकाळी बघते तर पुठ्ठे वाकलेले. पुस्तक पुरीसारखं फुगलेलं.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, “कागद फाडून पाह्यला का?”

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. कागद बनताना त्याचे तंतू एका दिशेनं झोपतात. त्या दिशेनं फाडला तर सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. खळ लावली की कागद ओला होतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेनं पसरतो. सुकताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. म्हणून कागद, पुठ्ठा, अस्तर, सगळ्यांचे तंतू कण्याला समांतर हवेत. एक आडवा गेला की पुस्तक वाकतं. मग त्यांनी खळीचं सांगितलं. मैदा किती, पाणी किती, चमचा कधी थांबवायचा, आणि झुरळ-किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. दोरा साधा सुती घे आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढ. घडी दाबायला स्टीलचा चमचा उलटा करून घे.

हेच सगळं आमच्या पुढच्या तासाला सरांनी फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. बाण, नावं, कारणं. एकही गोष्ट बाबांनी सांगितल्याहून वेगळी नव्हती. वर्गात ते सांगणाऱ्याला प्राध्यापक म्हणतात. प्रेसमध्ये ते करणाऱ्याला “ए बाइंडर” म्हणतात. मी फळ्यावरचं उतरवून घेतलं आणि वहीच्या समासात लिहिलं : हे मला कालच शिकवून झालंय.

बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचं निर्मूलन’मध्ये म्हटलं आहे की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. हे वाक्य मी पदवीला असताना पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. ते खऱ्या अर्थानं कळलं ते वाकलेला पुठ्ठा हातात धरून. हाताचं आणि डोक्याचं वेगळं केलं, आणि मग हातवाले खाली बसवले.

छापील पुस्तकाच्या बाबतीत तर हा विटाळ शाईपर्यंत गेला होता. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं. जातीनं ते भंडारी. त्या काळात छापलेल्या कागदाला शिवायला सोवळी माणसं घाबरत, कारण शाईत चरबी असते असा समज. मग सोवळ्यासाठी तूप घातलेल्या शाईनं धर्मग्रंथ छापले गेले, असं मुद्रणाच्या इतिहासात नमूद आहे. त्यांच्या पोथ्या तर शिवलेल्याच नसत. सुटी पानं, वरखाली फळ्या, कापडात बांधायची. शिवलेली असायची ती बाडं, कीर्तनकारांची, गाणाऱ्यांची, रोज हाताळायची, घामाच्या हातांची. शिवलेलं पुस्तक हे वापरणाऱ्याचं पुस्तक आहे. तुमच्या हातात फिरतंय ते त्या अर्थानं बाड आहे.

आता दुसरी चूक. ही सांगायला अजून जड जातं.

पुस्तकात फोटो हवे होते. सुट्टीत मी अमरावतीला जाऊन बाबांच्या हातांचे फोटो काढले. शिवताना, खळ लावताना, दोरा दातानं तोडताना. नखांत शाई, तळव्याला घट्टे, अंगठ्यावर जुनी चीर. खिडकीतून तिरपा उजेड. काळे-पांढरे फोटो अप्रतिम आले. संस्थेत सगळ्यांनी वाहवा केली. “किती ताकद आहे या हातांत,” असं म्हणाले. मी खूश. दिवाळीला पहिली नमुना-प्रत घेऊन घरी गेले. बाबांनी हात पुसले, पुस्तक घेतलं, आधी कणा तपासला, मग शिलाई ओढून बघितली. “बरी हाय,” म्हणाले. मग एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले. परत पहिल्या पानावर आले. आणि म्हणाले,

“काहून वं, माहं तोंड कुठं हाय?”

चौसष्ट पानांत बावीस फोटो होते, आणि एकातही बाबांचा चेहरा नव्हता. मी मुद्दाम टाळला नव्हता. मला सुचलाच नव्हता. कारण मी जी सुंदर पुस्तकं बघून शिकत होते त्यांत असंच असतं. विणकराचे हात, कुंभाराचे हात, चांभाराचे हात. खाली नाव नसतं. ज्यानं फोटो काढला त्याचं नाव असतं. चामडं आवडतं, चामड्याचा रंग आवडतो, चामड्याची बांधणी ‘वारसा’ म्हणून शिकवतात. पण ते कमावणाऱ्याच्या वस्तीचा वास कोणाला आवडत नाही. या नजरेनं मी माझ्या बापाकडे बघितलं होतं. बाहेरच्या कोणी नाही, मी. चार सेमिस्टरमध्ये ती नजर माझ्यात आली होती आणि मला वाटत होतं की मी डिझाइन शिकतेय.

मैत्रिणींनो, तुम्ही इथून बाहेर पडाल. कोणी एमएसडब्ल्यू कराल, कोणी पत्रकारिता, कोणी संशोधन. तुमच्या वस्तीवर, तुमच्या आईवर, तुमच्या आजीवर प्रकल्प करायची वेळ येईल. तेव्हा हे लक्षात असू द्या. आपली माणसं आपल्याच हातून ‘विषय’ होऊ शकतात. आपली जात एक आहे म्हणून आपली नजर आपोआप बरोबर होत नाही. ती तपासून घ्यावी लागते, आणि तपासायला पुस्तक आधी घरी न्यावं लागतं, ज्युरीकडे नंतर.

मी परत फोटो काढले. बाबांनी निळा शर्ट घातला, केस विंचरले, टेबलामागे ताठ उभे राहिले, अगदी लग्नातल्या फोटोसारखे. संस्थेत एकानं म्हटलं, हा फोटो बाकीच्यांपुढे ‘साधा’ वाटतो. मी तो पहिल्या पानावर घेतला.

मग शेवटचं पान. पुस्तकाच्या शेवटी किंवा आतल्या पानावर कोण प्रकाशक, कोण मुद्रक, हे छापतात. ही काही हौस नाही. १८६७ च्या इंग्रज सरकारच्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव, छपाईचं ठिकाण आणि प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं केलं. सरकारला हवं होतं, कारण काही वावगं छापलं तर कोणाला पकडायचं ते कळावं. हा कायदा आपल्या देशात दीडशे वर्षांहून जास्त चालला. २०२३ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. इतक्या वर्षांत बांधणाऱ्याचं नाव कायद्यानंही कधी मागितलं नाही. गुन्हेगार म्हणून सुद्धा तो कोणाला आठवला नाही.

मी शेवटच्या पानावर लिहिलं : ‘बांधणी मार्गदर्शन’ आणि पुढे बाबांचं नाव. बाबांना दाखवलं. त्यांना ते रुचेना. “बाइंडरचं नाव कोणत्या पुस्तकावर राह्यते? मालक काय म्हणीन?” मी म्हटलं, हे पुस्तक मालकाचं नाही. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “टाकाचंच असंन तं तुह्या आईचंबी टाक. घड्या तं तिनंच मारल्या ना.”

मी चमच्यानं तोंडात मारल्यासारखी बसले.

माझं सगळं लहानपण आमच्या घरात फर्म्यांचे गठ्ठे पडलेले असायचे. बाबा संध्याकाळी सायकलवर बांधून आणायचे, आई आणि शेजारच्या दोन बायका दुपारभर घड्या मारायच्या. मीही मारल्यात. पहिली घडी, दुसरी घडी, तिसरी घडी, पान नंबर जुळव, ठेव. शेकड्यावर पैसे मिळायचे, आणि ते बाबांच्या हिशेबात जमा व्हायचे. आईचं नाव प्रेसच्या कुठल्याच वहीत नव्हतं. मी बाबांवर चौसष्ट पानं लिहिली, ‘अदृश्य श्रम’ असा शब्द प्रस्तावनेत तीनदा वापरला, आणि आई माझ्या पुस्तकात फक्त चहा आणून देताना आली होती. बाबांना ते दिसलं. मला दिसलं नाही.

मी एक फर्मा परत मांडला. आईशी बोलले, तिची चार पानं त्यात आली. दोन पानं माझ्या प्रस्तावनेतून कापली. प्रस्तावना त्यामुळे सुधारली.

नोव्हेंबरच्या शेवटी ज्युरी झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पुस्तक उघडून बघितलं. टेबलावर सपाट पडलं, त्यांनी मान डोलावली. भाषेबद्दल विचारलं की ‘माहं’, ‘मले’ हे शुद्ध का केलं नाही? मी म्हटलं, बाबा असंच बोलतात. ते पटलं. मग त्यांनी शेवटचं पान वाचलं आणि विचारलं, “बांधणी वडिलांनी सांगितली, घड्या आईनं शिकवल्या, आठवणी त्यांच्या. मग यात तुझं डिझाइन कोणतं? मार्क कशाचे द्यायचे?”

मी तेव्हा गप्प राहिले. खोटं कशाला सांगू? घसा कोरडा पडला होता. माझ्या वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीनं तिचं पुस्तक शहरातल्या एका बाइंडरकडून शिवून आणलं होतं, आणि त्याचं नाव कुठेच नव्हतं. तिला हा प्रश्न आला नाही. नाव लपवलं तर काम आपलं होतं, नाव लिहिलं तर आपलं राहत नाही, असा तो हिशेब होता.

आज कोणी विचारलं तर मी असं सांगेन. ‘कोणाचं पुस्तक, कोणासाठी, कोणाच्या नावानं आणि किती किमतीला’, हे चार निर्णय घेणं म्हणजे डिझाइन. अक्षर आणि कागद त्यानंतर येतात. पहिले दोन निर्णय मी बरे घेतले होते. तिसरा बाबांनी दुरुस्त केला. चौथा अजून चुकलेलाच होता.

ती तिसरी चूक. पंधरा प्रतींना प्रत्येकी सहाशे चाळीस रुपयांचं साहित्य लागलं. ज्युरीनंतर कोणी सुचवलं की मोठ्या शहरात कलापुस्तकांचं प्रदर्शन भरतं, तिथे ठेव, साडेतीन हजाराला एक जाईल. मला मोह झाला, नाही असं नाही. उसने पैसे फिटले असते. त्याच सुमारास बाबांबरोबर काम करणाऱ्या एका काकांचा फोन आला, “पोरी, माह्याबद्दल काही लिहिलं म्हणे त्याच्यात. एक पुस्तक दे ना. कितीचं हाय?” मला आकडा सांगता आला नाही.

माझ्या वर्गात तमिळनाडूची एक मैत्रीण आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा तिनं अयोथीदास पंडितरांचं नाव घेतलं. त्यांनी १९०७ साली मद्रासमध्ये एक साप्ताहिक काढलं. नाव काय ठेवलं, तर ‘ओरु पैसा तमिळन’, म्हणजे एक पैशाचा तमिळ माणूस. किंमतच नावात! कोणाला विचारायला लाजायला नको. उत्तर प्रदेशातल्या एका मैत्रिणीच्या घरी लखनौच्या बहुजन कल्याण प्रकाशनाच्या, चंद्रिका प्रसाद जिज्ञासूंच्या पुस्तिका आहेत. तिच्या आजोबांनी जपलेल्या, पातळ, पिवळ्या पडलेल्या. आणि मला बाबांनी दसऱ्याआधी पिन मारलेल्या पुस्तिका आठवल्या. मधोमध दोन पिना, निळं मुखपृष्ठ, एका हातात मावणाऱ्या, खिशात दुमडून गावी नेता येणाऱ्या. आम्हाला वर्गात असल्या पुस्तिकांचा इतिहास शिकवतात तेव्हा तो परदेशातल्या बंडखोर पोरांपासून सुरू होतो. दीक्षाभूमीच्या गर्दीत खाली चादर अंथरून बसलेल्या विक्रेत्यापर्यंत तो येत नाही. एक सर मला म्हणाले होते, “त्या पुस्तिकांचं डिझाइन वाईट असतं.” अक्षरं दाटीची असतात, हे खरं. समास कमी असतो. पण समास कमी असतो, कारण एक फर्मा वाढला तर किंमत वाढते आणि यवतमाळच्या गाडीनं परत जाणाऱ्या बाईच्या हातातून पुस्तक परत चादरीवर जातं. तो समास कोणीतरी विचार करून कापलेला आहे.

बाबासाहेबांचं उदाहरण तर आपल्यासमोर आहेच. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी बघितलं, पचलं नाही म्हणून परिषदच रद्द केली. भाषण छापून तयार होतं. बाबासाहेबांनी ते स्वखर्चानं पुस्तक म्हणून काढलं. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या, असं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी नोंदवलं आहे. व्यासपीठ नाकारलं गेलं, पण छापलेला कागद गावोगाव पोहोचला. गुजरातीत गेला, तमिळमध्ये गेला.

माझी दोन वर्षं अडकलेली शिष्यवृत्ती त्या फेब्रुवारीत एकदम जमा झाली. त्यातून मी दुसरी आवृत्ती काढली. चौसष्टची बत्तीस पानं केली, म्हणजे दोन फर्मे. फोटो बावीसचे पाच, पण बाबांचा आणि आईचा ठेवला. अक्षर वाढवलं, कारण काकांना चष्म्याशिवाय वाचायचं होतं. समास कापला. आता मला कळतं किती कापायचा ते. बाबांच्याच प्रेसमध्ये छापलं, बाबांनी पिना मारल्या, आईनं आणि शेजारच्या दोघींनी घड्या मारल्या. त्या दोघींची नावंही शेवटच्या पानावर आहेत, आणि घडीचे पैसे या वेळी त्यांच्या हातात दिले. हजार प्रती. किंमत वीस रुपये, मुखपृष्ठावर मोठ्या आकड्यात, पंडितरांची आठवण म्हणून. भीमजयंतीला अमरावतीत ठेवली, दसऱ्याला दीक्षाभूमीवर. सातशेच्या वर गेल्या. मालकांनी शेवटचं पान बघितलं. काही बोलले नाहीत, पण दोन प्रती घरी घेऊन गेले.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर, पंधरा प्रतींचं पुस्तक मी टाकून दिलेलं नाही. स्वस्त तेवढंच आपलं आणि देखणं ते त्यांचं, असं मी मानत नाही. बाबांना जुजबंदी येते आणि सव्वीस वर्षांत ती करायची संधी त्यांना मोजक्या वेळा मिळाली, कारण महाग पडते. आपल्या घरातही असं एक पुस्तक असावं जे सपाट उघडतं आणि नातवंडांपर्यंत टिकतं. आईच्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आता एक प्रत आहे. दाखल्यांच्या वर. ती प्रत टिकण्यासाठी, आणि हजार प्रती पोहोचण्यासाठी. दोन्ही लागतात.

तुम्ही दरवर्षी वसतिगृहाचं हस्तलिखित काढता, हे मला माहीत आहे, मीही काढलंय. या वर्षी तीन गोष्टी करून बघा. एक, कागद फाडून बघा, घडी त्याच दिशेनं घाला. दोन, आधी किंमत ठरवा, मग पानं मोजा. तीन, शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं लिहा. जिनं लिहिलं तिचं, जिनं अक्षर काढलं तिचं, जिनं शिवलं तिचं. आणि रात्री जागून काम करताना ज्या मावशींनी खोलीत पोळी-भाजी झाकून ठेवली, त्यांना नाव विचारा. आपण त्यांना तीन-तीन वर्षं नुसतं मावशी म्हणतो.

फिरणारी प्रत आता मागच्या रांगेत पोहोचलेली दिसतेय. शेवटचं पान उघडा. तिथे नावं आहेत. मोठ्यानं वाचा.

जय भीम.